औंदा बोंबील कमी का? बारीक मासळी आणि समुद्राचे प्रवाह

तापीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न बाजारातून आलाय, पण उत्तर बाजारात मिळेना म्हणून इथे टाकतोय.

आईसाठी सुके बोंबील घ्यायला आठवडे बाजारात गेलो होतो. सुकी मासळी विकणारी एक मावशी आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून तीच जागा आणि गोणपाटावर तीच मांडणी: एका बाजूला जवळ्याचा गुलाबी ढीग, मध्ये बोंबील, कडेला मांदेली. या वेळी बोंबलांची जागा अर्धी रिकामी. विचारलं तर म्हणाली, "औंदा मालच नही भाऊ. समिंदरमाच नही, ते मी काय करू?"

आम्ही समुद्रापासून लांबची माणसं. माझ्या आजीने समुद्र कधी पाहिला नाही, पण पावसाळ्याआधी पत्र्याच्या डब्यात सुकट-बोंबील भरून ठेवले नाहीत असं एकही वर्ष गेलं नाही. मृगाच्या सरी लागल्या की तवा तापायचा, जवळा कोरडा भाजला जायचा, आणि लसूण-मिरचीसोबत पाट्यावर रगडून कळण्याच्या भाकरीबरोबर ताटात यायचा. त्यामुळे "समुद्रातच नाही" हे वाक्य डोक्यातून जाईना. एवढ्या मोठ्या समुद्रातून बोटभर मासा एखाद्या वर्षी जातो कुठे?

थोडं वाचलं. सगळीकडे "समुद्री प्रवाह" हा शब्द भेटला, पण प्रवाह म्हणजे पाण्याची वाट. पाण्याच्या वाटेने मासा कमी-जास्त कसा होतो, ते कुणी नीट उलगडून सांगेल का?

अजून एक. आणलेल्या बोंबलांत दोन मासे एकमेकांच्या जबड्यात अडकलेले निघाले. भांडता भांडता मेले की काय, असं मुलगी विचारत होती.

---

शहाद्याचे गुरुजी

तापीकाठ, प्रश्न फार आवडला. पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. प्रवाहांचे नकाशे फळ्यावर काढले, पण त्या बाणांच्या खाली मासा असतो हे मुलांना सांगायला वेळच मिळाला नाही. आता सांगतो.

आधी माशाचं पोर बघा. तारली, म्हणजे सार्डिन मासा, घ्या. तिचं अंडं पाण्यात तरंगतं आणि साधारण दिवसभरात फुटतं. बाहेर पडणारं पिल्लू काही मिलिमीटरचं, काचेसारखं आरपार, नीट पोहताही न येणारं. पोटाखाली पिवळ्या बलकाची शिदोरी असते, ती दोन-तीन दिवस पुरते. शिदोरी संपायच्या आत तोंडात मावेल एवढा बारीक जीव त्याला अगदी जवळ सापडला पाहिजे. नाही सापडला तर खेळ संपला. एक मादी हजारोंनी अंडी घालते, त्यातली किती जगायची ते या थोड्या दिवसांत ठरतं. आणि पिल्लाला पोहता येत नसल्याने ते कुठे पोचणार हे पाणी ठरवतं.

नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ साली ही गोष्ट मांडली. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात, तशी माशाच्या खवल्यावरही असतात. ती मोजून हेरिंग माशांचं वय काढलं, तेव्हा दिसलं की १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढची कित्येक वर्षं जाळ्यात येत राहिली. आधीच्या आणि नंतरच्या पिढ्या तिच्यापुढे किरकोळ. आई-बाप मासे तेवढेच, समुद्र तोच, मग एकाच वर्षीची पोरं का जगली? यॉर्ट म्हणाले, पहिलं अन्न वेळेवर मिळालं का, आणि प्रवाहाने पिल्लं भलतीकडे वाहून तर नेली नाहीत ना, हे पाहा. शंभर वर्षं उलटली, त्यात दुरुस्त्या झाल्या, पण प्रश्नाचा गाभा तोच आहे.

आता अन्न कुठून येतं? समुद्राचं खत तळाशी असतं. जे मरतं ते खाली बसतं, कुजतं, त्यातलं नत्र आणि स्फुरद खालच्या गार, अंधाऱ्या पाण्यात साठतं. ऊन मात्र वर. ऊन आणि खत एकत्र आले तरच सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं, आणि तारलीसारखी मासळी त्यावरच जगते. खालचं पाणी वर आणायचं काम वारा करतो.

कसं ते सांगतो. नॉर्वेचे शोधप्रवासी नान्सेन 'फ्राम' जहाजातून उत्तर ध्रुवाकडे गेले (१८९३ ते १८९६), तेव्हा त्यांनी पाहिलं की बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेने सरकत नाही, उजवीकडे कललेला सरकतो. त्याचं गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये मांडलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थराचं पाणी एकंदरीत वाऱ्याच्या उजव्या हाताला ढकललं जातं. आता केरळचा किनारा डोळ्यांसमोर आणा. नैर्ऋत्य मोसमी काळात तिथे वारा वायव्येकडून, किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात पश्चिमेला, म्हणजे खुल्या समुद्राकडे. वरचं पाणी तिकडे सरकतं आणि रिकामी झालेली जागा भरायला खालचं गार, खताचं पाणी वर येतं. जून ते सप्टेंबर हे चालतं, आणि तारलीची वीणही त्याच सुमारास. हा योगायोग नाही. ज्या माशांनी त्या वेळी अंडी घातली, त्यांचीच पोरं जगत आली.

उत्तर हिंदी महासागराचं एक वैशिष्ट्य मी वर्गात ठासून सांगायचो. बाकी महासागरांतले मोठे प्रवाह वर्षभर एका दिशेने वाहतात, आपल्याकडचे मोसमाबरोबर उलटतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून वाहणारा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे जातो, हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणजे वर्षातून दोनदा नदीने तोंड फिरवावं तसं.

---

केळीबाग रावेर

गुरुजी, हे वाचून मला आमची धूळपेरणी आठवली. कोरड्यात कपाशी टोचायची आणि आभाळाकडे बघत बसायचं. बी उगवून आलं की त्याच्या पोटात दोन-चार दिवसांचंच अन्न. तेवढ्यात पाऊस आला तर पीक. खंड पडला तर दुबार पेरणी. माशाची शिदोरी म्हणजे तेच की.

पण मग वारा जितका जास्त तितकी मासळी जास्त, असं का?

---

शहाद्याचे गुरुजी

नाही, आणि तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. कोवळ्या रोपावर ढगफुटी झाली तर काय होतं? पाणी मिळालं म्हणून रोप जगत नाही, मातीसकट वाहून जातं.

समुद्रात तेच घडतं. वारा मंद असेल तर खत वर येत नाही, पिल्लं उपाशी. वारा फार असेल तर खत भरपूर येतं, पण तोच प्रवाह पिल्लांना खुल्या समुद्रात नेऊन टाकतो, आणि लाटांच्या घुसळणीने दाट झालेलं अन्न विखुरतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९७० च्या दशकात लास्कर या संशोधकांनी हे पाहिलं: मांदेलीच्याच कुळातल्या माशाची पिल्लं शांत पाण्यात दाट थरावर चरत होती, एक वादळ आलं आणि तो थर विस्कटून गेला. पुढे १९८९ मध्ये क्युरी आणि रॉय या संशोधकांनी निरनिराळ्या किनाऱ्यांची आकडेवारी जुळवून दाखवलं की सेकंदाला पाच-सहा मीटर एवढ्या मध्यम वाऱ्यात नवी पिढी सर्वांत चांगली जमते. त्याहून कमी नको, जास्तही नको.

म्हणून खत वर येणं, अन्न एका जागी दाटणं आणि पिल्लं किनाऱ्याजवळ टिकून राहणं, या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. तिसऱ्या गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात. मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

---

पांझराकाठ

सगळं वाचलं, पण एक खटकतंय. वारा, प्रवाह, पृथ्वीचं फिरणं यावर सगळं ढकललं की माणूस सुटतो. माझा चुलतभाऊ रत्नागिरीकडे नोकरीला होता. तो सांगायचा की बारीक आसाचं जाळं लावून अंगठ्याएवढी पोरंसुद्धा उपसतात. पर्ससीनवर, म्हणजे थव्याला वेढून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर, महाराष्ट्राने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. प्रवाहच सगळं करत असता तर हे नियम कशाला लागले असते? १ जून ते ३१ जुलै बंदी तरी कशाला?

---

शहाद्याचे गुरुजी

तुमचा राग रास्त आहे आणि मला तो खोडायचा नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

पहिली. १९४० च्या दशकात मलबारच्या किनाऱ्यावरून तारली जवळजवळ नाहीशी झाली होती. तेव्हा ना जाळं ओढत नेणारे ट्रॉलर होते, ना यांत्रिक होड्या. कॅलिफोर्नियाजवळ सांता बार्बराच्या समुद्रतळातल्या गाळात माशांचे खवले थराथराने साठलेत. ते मोजले तर दिसतं की जाळ्यांच्या कितीतरी आधीपासून, शतकानुशतकं, तारलीचे भाईबंद तिथे भरभराटीला येऊन पुन्हा विरळ होत आलेत. म्हणजे माणूस नसतानाही बारीक मासळी चढते-उतरते.

दुसरी, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची. तिथला अँकोव्हेटा हा वीतभर मासा हम्बोल्ट प्रवाहाच्या गार पाण्यावर जगतो. १९७० मध्ये तिथे एक कोटी वीस लाख टनांहून जास्त मासळी उपसली गेली. जगात एका जातीच्या माशाची एवढी मासेमारी दुसरी नव्हती. मग १९७२ मध्ये एल निनो आला, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, कोमट पाण्याने वरचा थर झाकून टाकला, खालचं खत वर येईना. उरलेले मासे गार पाण्याच्या अरुंद पट्ट्यात किनाऱ्यालगत दाटले आणि तिथे जाळ्यांना आयतेच सापडले. १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्या आसपास आली, आणि पूर्वपदावर यायला पुढे वीसेक वर्षं लागली.

आता दोष कुणाला द्यायचा? पाण्याने एका पिढीला मारलं. पण वाईट वर्षात पुढच्या पेरणीला ठेवायचं बियाणं माणसाने खाल्लं. प्रवाह आपल्या हातात नाही, म्हणूनच वाईट वर्षी जाळं आवरणं हाच एक हातातला उपाय उरतो. निर्बंध त्यासाठी हवेत, आणि प्रवाहाचं ज्ञान तर त्याहून हवं, कारण वाईट वर्ष आलंय हे आधी कळलं पाहिजे. २०२३ मध्ये पेरूने पहिला हंगामच रद्द केला. पाणी तापलेलं होतं आणि सर्वेक्षणात पिल्लंच फार दिसली. १९७२ पासून ते एवढं शिकले.

---

नवापूरकर

१९७२ म्हटल्यावर अंगावर काटा आला. तोच आपला बहात्तरचा दुष्काळ ना? वडील रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्याचं अजून सांगतात.

माझा कोंबडीखाद्याशी संबंध आहे, त्या बाजूने एक भर घालतो. पेरूचा तो मासा माणसं फारशी खात नाहीत. त्याची फिशमील, म्हणजे सुक्या माशाची भुकटी, होते आणि जगभरच्या कोंबड्या-डुकरांना जाते. १९७३ मध्ये फिशमील तुटली तसे सगळे सोयाबीनच्या पेंडीकडे धावले, भाव एवढे चढले की अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यातच रोखली. आजही आमच्या धंद्यात खाद्याचा भाव बघताना पेरूच्या हंगामाची बातमी बघावी लागते. नवापूरच्या शेडमधल्या पिल्लाच्या दाण्याचा भाव पॅसिफिकमधल्या गार पाण्यावर हलतो, हे नवीन पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

---

शहाद्याचे गुरुजी

हो, तोच एल निनो. फक्त दर वेळी हिशेब सरळ बसत नाही. १९९७ चा एल निनो फार जबर होता, पेरूची मासळी १९९८ मध्ये पुन्हा कोसळली, पण देशात १९९७ चा पाऊस सरासरीएवढा झाला. २०२३ ला मात्र दोन्हीकडे फटका: तिकडे हंगाम रद्द, इकडे ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा.

आपल्या तारलीचंही सांगून टाकतो. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये फक्त साडेतीन हजार टनांच्या आत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे आहेत. पुढच्या दोन वर्षांत ती पुन्हा लाखाच्या वर गेली. दोन-अडीच वर्षं आयुष्य असलेला मासा. त्याच्या दोन पिढ्या बिघडल्या की दर्या रिकामा, दोन जमल्या की पुन्हा भरलेला.

---

सातपाटीची लेक

मी आज दिवसभर हा धागा वाचतेय. माहेर पालघरजवळचं मच्छीमारांचं गाव सातपाटी, लग्न होऊन धुळ्यात आले त्याला बावीस वर्षं झाली. गुरुजी, तुम्ही सांगितलंत ते तारलीला लागू आहे. पण तापीकाठ दादांचा प्रश्न बोंबलाचा आहे आणि बोंबलाचा प्रवाह वेगळा. तो मी सांगते.

आमच्याकडे आणि वर गुजरातकडे समुद्र उथळ आहे. पावसाळी वारा आमच्या किनाऱ्यावर जवळजवळ समोरून आदळतो, केरळसारखा किनारा धरून वाहत नाही, त्यामुळे खालचं पाणी वर यायचा प्रकार इथे तेवढा नाही. आमचा खरा प्रवाह भरती-ओहोटीचा. खंबातच्या आखातात भरतीचं पाणी दहा मीटरहून जास्त चढतं. ते आत शिरताना आणि बाहेर पडताना काय ओढ असते, ते होडीत बसल्याशिवाय कळायचं नाही.

बोंबील पकडायची डोल त्या ओढीवरच चालते. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांब जाळं, तोंड मोठं, शेपूट निमुळतं. ते समुद्रात एका जागी बांधून ठेवतात, तोंड पाण्याच्या धारेसमोर. होडी मासळीमागे धावत नाही, पाणी मासळीला जाळ्यात आणतं. धार उलटायच्या आत डोल उचलायची. बाबा घड्याळ बघत नसत, तिथी बघत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, धार जोरात, डोलीत मासळी. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी सुस्त, तेव्हा जाळी शिवायची, होडी डागडुजीला काढायची. लहानपणी घरात पैसे कधी असतील ते मला चंद्र बघून कळायचं.

बोंबील जवळ्यामागे असतो. जवळा खातो, बारीक मासे खातो, स्वतःच्या जातीची पिल्लंही सोडत नाही. जवळा स्वतः धारेबरोबर थव्याने ढकलला जातो. आणि जवळ्याचं खाणं? त्यातलं बरंच नद्यांच्या गाळातून. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. भुसावळ, प्रकाशे करत जे पाणी जातं, तेच शेवटी बोंबलाच्या घरात पोचतं. पहिल्यांदा प्रकाशाला संगमावर गेले तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं होतं, हे पाणी माझ्या माहेरच्या वाटेने चाललंय.

आता तुमच्या मावशीबद्दल. बाजारात सुका कमी म्हणजे समुद्रात ओला कमी, असं लगेच धरू नका. बोंबलात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं. तो सुकवायला कडक ऊन आणि कोरडा वारा लागतो. पावसाळा संपल्यावर वलांड्या उभ्या राहतात, बांबूंवर ओळीने दोऱ्या, त्यावर बोंबील. दोन मासे घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. तुमच्या मुलीला सांगा, ते भांडत नव्हते. आमच्या बायकांनी त्यांना हात धरून उभं केलं होतं. माझ्या आईच्या बोटांना त्या बारीक दातांचे व्रण कायमचे आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवेळी पाऊस आला की वलांडीवरचा सगळा माल सडतो. एका रात्रीत. मग जे मिळतं ते बर्फात घालून ओलंच विकतात आणि सुकं बाजारात येत नाही. त्यामुळे तुमच्या गोणपाटावरची रिकामी जागा समुद्रामुळे, जाळ्यामुळे की आभाळामुळे, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण मासा कमी झालाय हे मात्र माझा भाऊ दर फोनला सांगतो, आणि त्याचं म्हणणं पांझराकाठ दादांसारखंच आहे: पिल्लं फार मारली जातात.

---

पांझराकाठ

ताई, मनापासून धन्यवाद. गुरुजी, "बियाणं खाल्लं" हे पटलं. माझा सूर कडक होता, पण चिंता खरी आहे.

---

केळीबाग रावेर

वाईट वर्ष आधी कळायला काही सोय आहे का? आम्हाला हवामानाचा अंदाज मोबाइलवर येतो तसं?

---

शहाद्याचे गुरुजी

आहे. हैदराबादला इन्कॉइस ही संस्था १९९९ पासून आहे. उपग्रहातून समुद्राचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा मोजतात. गार-कोमट पाणी जिथे भिडतं आणि हिरवेपणा दाटतो, तिथे मासळी असायची शक्यता जास्त, तसा सल्ला मच्छीमारांना पाठवतात. पण हा सल्ला मासळी कुठे आहे ते सांगतो. ती किती उरलीय आणि किती राखायची, तो वेगळा अभ्यास आहे, आणि तो होडीपर्यंत तेवढ्या लवकर पोचत नाही. माझ्या मते खरी उणीव इथेच आहे.

अजून एक धोका लिहून ठेवतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरच्या खाली प्राणवायू फार कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, वर येणाऱ्या पाण्याबरोबर तसं पाणी गोवा-कर्नाटकाच्या उथळ किनाऱ्यावर चढतं आणि तळाजवळची मासळी तिथून पळते. म्हणजे जो प्रवाह खत आणतो तोच कधी गुदमरवणारं पाणीही आणतो.

---

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा बाजार होता. मावशीकडे मुद्दाम बसलो आणि ताईंनी लिहिलेलं सगळं सांगितलं. धार, उधाण, वलांडी, अवेळी पाऊस. तिने हातातला तराजू खाली ठेवून ऐकलं. तिलाही जोडीचं कारण माहीत नव्हतं. तीस वर्षं बोंबील विकतेय. ढिगातली एक जोडी उचलून तिने जबडे हळूच सोडवून पाहिले, पुन्हा अडकवले.

मग मला म्हणाली, "मंग औंदा वारा कसा शे?"

ताई, तुमच्या भावाला विचारून सांगाल का? पुढच्या बाजारी ती विचारणार आहे.